कस्टर्डात अंडं नव्हतं, आत्याबाई

प्रिय आत्याबाई,

सासूला कुणी ‘प्रिय’ लिहीत नाही, ठाऊक आहे मला. येलदरीहून मी तुम्हाला जी पत्रं धाडली त्यांत ‘तीर्थरूप’ लिहायचे आणि खाली ‘इकडील सर्व क्षेम’. त्या पत्रांत एकही खरं वाक्य नसायचं. कसं असणार? तुम्हाला वाचता येत नव्हतं. पत्र धाकटे भावजी नाहीतर दुसरं कुणी मोठ्यानं वाचणार आणि ओसरीवर चार बायका कान देऊन बसणार. आज मधे वाचणारा कुणी नाही. म्हणून पहिल्यांदाच तुम्हाला खरं पत्र लिहिते आहे.

परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं. गाव जेवलं. उद्या सप्ताहाचा काला आहे आणि काल्यानंतर देवळात पाथरवट येणार आहे. नव्या मंडपाच्या भिंतीत एक शिळा बसवायची ठरली आहे. रझाकारांच्या त्या वर्षात दिवेलागणीनंतर बाहेर पडायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा गावातल्या सात माळकऱ्यांनी दार लावून, टाळांना फडकी गुंडाळून भजन चालू ठेवलं. त्या सातांची नावं शिळेवर कोरायची.

काल देवळात, कारभार बघणाऱ्या नारबांनी यादी वाचून दाखवली. नावं सहाच होती.

गया काकीनं तुमचं नाव घेऊन विचारलं, “आन् आमची भागीरथी?” नारबा खाली बघून म्हणाले, “तिची माळ उतरली व्हती की काकी. मरतानी गळ्यात माळ नव्हती. माळ नसल्यालीचं नाव देवाच्या भिंतीवर कसं घालावं? तुमीच सांगा.” तुमच्याच घरात भजन व्हायचं, दाराला कडी तुम्हीच लावायच्या, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी सगळ्यांनी माना हलवल्या. कुणीतरी मागून म्हणालं, म्हातारपणी जीभ सुटली तिची, काहीतरी नको ते खाल्लं असेल.

मी तिथंच उभी होते, आत्याबाई. बायकांच्या बाजूला, डोक्यावरचा पदर पुढं ओढून. तुमची जीभ सुटली नव्हती. सुटली होती ती माझी. आणि मी गप्प राहिले! बोलू नये तिथं बोलणारी तुमची सून बोलायच्या जागी मुकी झाली.

माझं तोंड चालतं हे तुम्हाला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. आठवतं ना? भाकरी करपली म्हणालात, तर मी म्हणाले, “तवा तुमचाच आहे.” दुसरी कुणी असती तर मला माहेरी धाडलं असतं. तुम्ही मात्र शेजारच्या गया काकीला हाक मारून सांगितलंत, “ऐकलीस का? मानवतच्या बाजारात वाढलीय, सासूसंगंबी भाव करायलीय!” आणि पोट धरून हसलात. तेव्हा मला वाटलं, या बाईपुढं काहीही बोललं तरी चालतं. ही समजूत तुम्हीच करून दिलीत मला. थोडा दोष तुमचाही आहे, नाही का?

पण माळेच्या बाबतीत तुम्ही हसत नव्हता. एकदा मी आंघोळीनंतर तुमची माळ सहज बाजूला सारून पाठ पुसायला गेले, तर हात धरलात. पुढं तुमच्या थोरल्या लेकानं मला सांगितलं की त्यांच्याआधी एक बहीण होती. ती दीड वर्षाची होऊन गेली. त्या महिन्यात तुम्ही दोनदा विहिरीच्या काठावर जाऊन उभ्या राहिला होतात. मग कुणीतरी तुम्हाला बुवांकडे नेलं, बुवांनी तुळशीची माळ गळ्यात घातली आणि तुम्ही घरी येऊन चूल पेटवलीत. हे मला आधी कळलं असतं तर मी त्या दिवशी तसं बोलले नसते का? खरं सांगू? राग आला की मला काही आठवत नाही. बोलले असतेच बहुतेक.

येलदरीला धरणाचं काम निघालं आणि ह्यांना तिथं मजुरांची हजेरी घ्यायची नोकरी लागली. आम्ही गेलो त्याला चारच महिने झाले असतील, तोवर गावाहून निरोप आला की तुम्हाला ताप आहे आणि उतरत नाही. हे धावत गेले. पिंगळी स्टेशनापर्यंत बैलगाडीत, तिथून परभणीपर्यंत रेल्वेत आणि पुढं जिंतूरवरून मोटारीनं, असं तुम्हाला गोधडीत गुंडाळून आणलं. धरणाच्या कॅम्पावर दवाखाना होता म्हणून. डॉक्टर म्हणाले, मुदतीचा ताप आहे, आतडी नाजूक झालीत, घट्ट काही देऊ नका.

घट्ट कशाला, तुम्ही पातळही घेत नव्हता! दुधाला वास येतो. पेज दिली तर म्हणालात, “ही भितीला सारवायला ने.” मुगाचं पाणी थुंकून टाकलंत. पत्र्याची खोली नुसती तापायची, बाहेर दिवसभर खडी फोडल्याचा आवाज, आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. नवव्या दिवशी तुमचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं. मी बाहेर येऊन रडले. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

त्या दिवशी मी इंजिनिअर साहेबांच्या बंगल्यावर लिंबू मागायला गेले. तिथं हुसेनचाचा खानसामा होते. निजामाच्या राज्यात हैदराबादला मोठमोठ्या अंमलदारांकडे त्यांनी स्वयंपाक केला होता. राज्य गेलं, अंमलदार गेले आणि चाचा आमच्या पत्र्यांच्या वस्तीत येऊन पडले. त्यांनी लिंबू दिलं आणि विचारलं, “कौन बीमार है बेटी?” मी सांगितलं. ते म्हणाले, “कस्टर्ड खिला दे.”

साहेबांच्या ताटात काय काय असतं हे मी ऐकून होते. म्हणून आधी तेच विचारलं, “चाचा, त्यात अंडं असतं ना? आमच्या आत्याबाई माळकरी आहेत.”

चाचांनी कपाटातून पत्र्याचा डबा काढला. “साब लोगां को मैं अंडे का बनातूं. ये पूड का अलग है. इसमें अंडा नै बेटी. मक्के का मैदा, रंग हौर खुशबू. बस.”

मी पुन्हा विचारलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. उजवा हात छातीवर ठेवून म्हणाले, “बूढ़ी माँ का धरम मैं नै बिगाड़ूंगा.” आणि कागदात पूड बांधून दिली.

म्हणजे मला माहीत होतं, आत्याबाई. पहिल्या दिवसापासून पक्कं माहीत होतं. हे तुम्हाला नीट कळावं म्हणून एवढं सविस्तर लिहिते आहे.

आधी थोड्या गार दुधात पूड कालवायची, मग ते उकळत्या दुधात ओतायचं आणि हात न थांबवता ढवळत राहायचं. पहिल्या दिवशी माझा हात थांबला आणि गाठी झाल्या. त्या मी फडक्यातून गाळून काढल्या. वास ओळखीचा नव्हता, वेलची नाही की जायफळ नाही. रंग हळदीच्या दुधासारखा. वाटी तुमच्यापुढं धरली.

“ही कोनची खीर गं?”

“कस्टर्ड म्हणतात हिला. बंगल्यावरच्या हुसेनचाचांनी पूड दिली.” मी काही लपवलं नाही. तुम्ही वाटीकडे बघितलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “औषिदाला इटाळ नसतो. दे.”

एक चमचा. मग दुसरा. वाटी संपली! “लय मऊ हाय गं. आपसूक खाली जायलंय.” मी चुलीपाशी जाऊन बसले आणि देवाला हात जोडले. त्यानंतर रोज दुपारी तुमचा आवाज यायचा, “पिवळी खीर केलीस का?” पंधरवड्यात तुम्ही उठून बसलात. एकदा मी आत भांडी घासत होते आणि तुम्ही शेजारच्या ओव्हरसियरीणबाईला सांगत होतात, “माझ्या सुनंनं मला मागं वढून आनली बगा.” मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत होतात का? तोंडावर कौतुक करायचं तुम्हाला कधी जमलं नाही.

आणि मग भावजी आले. परभणीला मॅट्रिकचा अभ्यास करत होते. इंग्रजीचा कोश काखेत घेऊनच हिंडायचे. चहाला ‘टी’ आणि टोपीला ‘कॅप’ म्हणून आम्हाला बेजार केलं होतं त्यांनी. आईला भेटायला आले, वाटी बघितली आणि विचारलं, “वहिनी, हे काय?”

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “कस्टर्ड!”

बस. कोश उघडला. ओव्हरसियरीणबाई आणि तिची जाऊ दारातच बसल्या होत्या. भावजींनी बोट ठेवून, खणखणीत आवाजात वाचलं, “कस्टर्ड. दूध आणि अंडी यांचा केलेला गोड पदार्थ.”

त्यांना वाटलं आपण केवढा मोठा शोध लावला. पुढच्या क्षणी त्यांना तुमच्या गळ्यातली माळ दिसली आणि त्यांचं तोंड उतरलं. पण शब्द तर वाचून झाला होता. ओव्हरसियरीणबाईनं जावेला कोपर मारलं. मी ते बघितलं.

तुम्ही चमचा वाटीत ठेवलात. “सूनबाई, यात अंडं हाय का गं?”

एवढंच विचारलंत. आज आठवून बघते तर आवाजात राग नव्हता. तुम्हाला ‘नाही’ एवढंच ऐकायचं होतं. मी ‘नाही’ म्हणाले असते तर तुम्ही कोशाला चुलीत घाल म्हणाला असता आणि वाटी संपवली असती. दोन अक्षरांचं काम होतं!

पण माझ्या डोक्यात काय आलं? तीन आठवडे मी पाठ टेकली नव्हती. तुमचे कपडे, तुमचं सगळं केलं होतं. आणि ही बाई दोन परक्या बायकांपुढं मला विचारते की तू मला बाटवलंस का? विचारलंच कसं? एवढाच भरवसा? तुमच्या सूनबाईसाहेब उखडल्या. कंबरेवर हात ठेवून मी काय बोलले ते शब्दन् शब्द लिहिते, कारण ते उद्या मला पुन्हा बोलायचे आहेत.

“हो, घातलं! रोज दोन दोन घातली! म्हणून तर उठून बसलात. नाहीतर माळ घालूनच गेला असता वर!”

तुम्ही ओरडला नाहीत, शिव्या दिल्या नाहीत, मला मारायला उठला नाहीत. दिल्या असत्या शिव्या तर किती बरं झालं असतं! तुम्ही तांब्या मागितलात. भावजींनी दिला. चूळ भरलीत. मग दोन्ही हात मागं नेलेत, माळ काढलीत, कपाळाला लावलीत आणि लुगड्याच्या पदरात बांधलीत. तुमचे हात इतके अशक्त होते की गाठ दोन वेळा सुटली. मी पुढं होऊन ती गाठही बांधून दिली नाही.

दिवस कलायच्या आत मी तुमच्या पायाशी बसले. “आत्याबाई, नव्हतं हो अंडं. रागात बोलले मी. तुमच्या लेकाची शपथ.”

तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, “ऱ्हाऊ दे बाय. आता कामून सारवायलीस? खातानी ग्वाड लागलं मला. पाप माझ्या जिभंचं.”

माझं खोटं तुम्ही खरं धरलंत आणि खरं खोटं! पण मला सांगा, तुम्ही तरी इतक्या लवकर कसा विश्वास ठेवलात? मी तोंडाळ होते, पण मी तुम्हाला अंडं भरवीन असं वाटलंच कसं तुम्हाला? हा माझा राग अजून गेलेला नाही. श्राद्धाचा घास ठेवतानाही होता.

आणि हुसेनचाचा होते की बंगल्यावर. हाकेच्या अंतरावर! मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्याकडं गेले. ते तसेच हात पुसत उठले. “चल बेटी, मैं बोलतूं माँ को. डब्बा बी दिखातूं.” अर्ध्या वाटेत मी थांबले. मला वाटलं, सख्ख्या सुनेचा शब्द ज्यांना चालत नाही त्यांच्यापुढं मी साक्षीदार उभा करू? खानसाम्याच्या शपथेवर माझा खरेपणा ठरणार? म्हटलं, राहू द्या चाचा. ते तसेच बंगल्याकडं परत फिरले. दुपारच्या मोटारीनं भावजी तुम्हाला घेऊन गावी गेले.

पहिलं रागात झालं. हे मात्र मी शुद्धीत केलं, आत्याबाई. मला झोंबतं ते हेच.

चाचांनी मला नंतर त्या पुडीची गोष्ट सांगितली. विलायतेत एक औषधवाला होता. त्याच्या बायकोला कस्टर्ड फार आवडायचं, पण अंडं तिला सोसत नव्हतं. बिचारीनं काय करावं? मग त्यानं मक्याच्या पिठाची ही बिनअंड्याची पूड काढली, तिच्यासाठी. कुठला कोण माणूस! जिला अंडं चालत नाही तिच्यासाठी म्हणून केलेली चीज मी तुम्हाला भरवली आणि तिच्यातच अंडं आहे म्हणून सांगितलं. चाचा म्हणाले, “अच्छा आदमी था.” मी मान हलवली आणि घरी आले.

काल नारबांची यादी ऐकून घरी आले तेव्हा भावजी अंगणात बसले होते. वर्षश्राद्धाला औरंगाबादहून आलेत. आता कॉलेजात आहेत. मिशी आलीय, तुम्ही बघायला हव्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं. अंडं नव्हतं, मी खोटं बोलले. ते जमिनीवर काडीनं रेघा मारायला लागले. मग म्हणाले, “वहिनी, मलाच वाटायचं माझ्यामुळं झालं. कॉलेजात मोठा कोश हातात आला तेव्हा पहिला शब्द मी तोच काढला.”

त्यात काय होतं सांगू तुम्हाला? तो शब्द मुळात अंड्याचा नाहीच म्हणे. दुधाचाही नाही. फ्रान्सकडून इंग्लंडात गेलेला शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ पिठाची कडक पारी. जुन्या काळी तिकडं कणकेची पारी करायचे, तिच्यात मांस नाहीतर फळं भरायचे, वरून दूध आणि अंडी घोटून ओतायचे आणि भाजायचे. नाव त्या पारीचं होतं. पुढं लोकांनी पारी सोडून दिली, आतलं तेवढं ठेवलं आणि पारीचं नाव त्याला चिकटलं.

मी म्हणाले, “म्हणजे करंजीतलं सारण वाटीत काढून घ्यायचं आणि त्यालाच करंजी म्हणायचं!” आम्ही दोघं हसलो. हसता हसता ते रडायला लागले. “आधी पारी गेली, मग पुडीतनं अंडंही गेलं. नाव तेवढं राहिलं, वहिनी. आन् मी ते नाव वाचलं. वाटीत काय हाय ते तुम्हाला विचारलंच न्हाई.”

साबुदाण्याच्या खिचडीत कुठं डाळ-तांदूळ असतात? तरी आपण तिला खिचडी म्हणतो आणि एकादशीला खातो. कोशात बघाल तर खिचडी म्हणजे डाळ-तांदूळच लिहिलेलं सापडेल. त्या दुपारी मी एवढं जरी म्हणाले असते! “भावजी, खिचडी काढा आधी तुमच्या कोशात,” म्हणाले असते, तर तुम्ही हसला असता. मानवतच्या बाजारात वाढलेल्या मुलीला हे सुचू नये?

तुम्ही गावी गेलात आणि पुढची दोन वर्षं बिनमाळेच्या राहिलात. भजनाला जायच्या, पण मागं, चपलांपाशी बसायच्या. मला वाटायचं हट्ट आहे हा तुमचा. चूक झाली तर प्रायश्चित्त घेऊन पुन्हा माळ घालता येते. कितीतरी जण घालतात. तुम्ही का घालत नाही? मला टोचायला? माझ्यावर सूड म्हणून? आम्ही सणाला गावी आलो की तुमचा मोकळा गळा बघून मला राग यायचा. हो, रागच यायचा.

शेवटच्या दुखण्यात मी आले तेव्हा ट्रंकेत पूड घेऊन आले होते. काढायचा धीर होत नव्हता. तुम्हीच तिसऱ्या दिवशी विचारलंत, “ती पिवळी खीर आनलीस का?”

मी केली. एकही गाठ होऊ दिली नाही. तुम्ही चारच चमचे घेतलेत. मी म्हणाले, “आत्याबाई, यात अंडं नाही. तेव्हाही नव्हतं.” तुम्ही तोंड पुसून घेतलंत आणि म्हणालात, “मला ठावं हाय.”

काय ठाऊक होतं तुम्हाला? कधीपासून? मी विचारलंच नाही. तुम्ही डोळे मिटले, मला वाटलं झोप लागली, उद्या विचारू. दुसऱ्या दिवशी तुम्ही कुणाला ओळखत नव्हता.

परवापर्यंत मी त्या तीन शब्दांवर स्वतःला समजावत होते. त्यांना कळलं होतं, त्यांनी क्षमा केली, संपलं. पण परवा श्राद्धाची भांडी आवरताना गया काकी माझ्याजवळ बसली. मी सहज म्हणाले, आत्याबाईंनी पुन्हा माळ घालायला हवी होती. काकी म्हणाली, “आमी का कमी इनवलं तिला? दोनदा बुवापशी नेऊन बसवलं. पर माळ परत घालायची तर बुवा इचारतेत ना, उतरली कामून? समद्यांच्या देखत सांगावं लागतंय. ती दोन्ही बारीला उठून आली. म्हनली, कारन माझ्या घरातलं हाय, ते चव्हाट्यावर न्हाई नेयाचं. मला झेपंना म्हून काढली म्हना.”

मी भांडी तशीच टाकून उठले.

म्हणजे सूड नव्हता तो. तुम्ही मला झाकत होतात! माझं नाव घ्यावं लागू नये म्हणून तुम्ही चपलांपाशी बसलात. लेकरू गेल्यावर जिच्या आधारानं तुम्ही उभ्या राहिलात ती माळ माझ्या एका वाक्यासाठी सोडलीत. आणि मी सणाला येऊन तुमच्यापुढं फुगून बसायचे! अहो, एकदा तरी कान धरायचा होता माझा. एकदा सांगायचं होतं की, कौसल्ये, तुज्यापायी मी गप हाय. तुम्ही नेहमी एवढ्या बोलणाऱ्या, नेमक्या इथंच का गप्प बसलात?

आणि हे सगळं परवा कळलेलं असूनही काल यादी वाचली गेली तेव्हा मी तोंड उघडलं नाही. गया काकी एकटी भांडली.

आज दुपारी ह्यांना सांगितलं. ते जेवत होते. ऐकून घेतलं आणि हातातला घास खाली ठेवला. मग म्हणाले, “आई गेली. शिळेवर नाव आलं काय आन् न आलं काय, तिला त्याचं काय? तुझं नाव मात्र गावभर व्हईल.” भावजी म्हणाले, “दादा, वहिनीच्या ऐवजी मी बोलतो. कोश मीच वाचला होता.” मी नको म्हणाले. कोश वाचणाऱ्यानं जे लिहिलं होतं ते वाचलं. खोटं मी बोलले.

मला भीती वाटते, आत्याबाई. काल्याच्या दिवशी बायकांनी पुढं येऊन बोलायची रीत नाही. आणि माझ्यावर विश्वास कोण ठेवणार? तेव्हा खोटं बोललेली बाई आता खरं बोलते कशावरून, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. हुसेनचाचा गेल्या साली हैदराबादला लेकीकडं निघून गेले. ‘चल बेटी’ म्हणून उठलेला तो माणूस मी अर्ध्या वाटेतून परत पाठवला होता. आता माझा शब्द एवढंच माझ्याजवळ आहे, आणि त्याची किंमत मीच घालवलेली आहे. तुमचं नाव कोरतील की नाही, मला खरंच सांगता येत नाही. कदाचित मलाही उद्यापासून चपलांपाशी बसावं लागेल. बसेन.

पण वचन देते. उद्या दहीहंडी फुटायच्या आधी मी बायकांच्या रांगेतून उठणार. डोक्यावर पदर असेल, पण तोंडावर नसेल. त्या दुपारी तुम्हाला जे बोलले ते सगळ्यांच्या देखत जसंच्या तसं बोलून दाखवणार. मग नारबा विचारतील, बुवा विचारतील, “भागीरथीबाईची माळ कशानं उतरली?”

मी सांगेन, माझ्यानं.

तुमची,
कौसल्या